आमटीला गाठ मारू नका

संध्याकाळची फास्ट लोकल डोंबिवलीला लागली की पुलावरून उतरणारी गर्दी तीन ठिकाणी फुटते. काही रिक्षाच्या रांगेत, काही भाजीवाल्यांकडे आणि उरलेली पोळी-भाजी केंद्रासमोर. या तिसऱ्या रांगेत मी किती वर्षं उभी आहे, ते मोजायचं मी सोडून दिलंय. नोकरी करणाऱ्या बाईच्या संसारात हे केंद्र म्हणजे दुसरं स्वयंपाकघरच. फरक इतकाच की तिथे भांडी घासावी लागत नाहीत.

काउंटरवर तयार पिशव्यांचा ढीग असतो. पोळ्यांची वेगळी, भाजीची वेगळी, भाताची वेगळी. आमटीची पिशवी बांधायची तर एक खास कला आहे. दोन डाव आमटी, वर मूठभर हवा, पिशवीच्या तोंडाला एक गिरकी आणि मग गाठ. फुगा तयार. ही गाठ आजवर माझ्या हातून एकदाही सुटलेली नाही. नखांनी प्रयत्न, मग दातांनी, शेवटी कात्री. आमटी पातेल्यात, थोडी ओट्यावर, आणि तेलकट, पिवळी, चिकट पिशवी डब्यात. भंगारवाला तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. कचरा वेचणाऱ्या बायकाही तिला हात लावत नाहीत, कारण तिला भावच नाही. ही पिशवी वीस मिनिटं वापरली जाते, आणि त्यानंतर आपल्या नातवंडांच्या नातवंडांपर्यंत टिकते.

मी एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसले. आठवड्यातून तीनदा बाहेरून जेवण, दर खेपेला तीन पिशव्या, वर्षाचे बावन्न आठवडे. माझ्या एकट्या घरातून ४६८ पिशव्या. यात इडलीबरोबरच्या चटणीची पुडी धरली नाही. रविवारच्या मिसळीच्या तर्रीची पिशवीही नाही. आमच्या मजल्यावर चार घरं आहेत आणि इमारतीला सात मजले. पुढचा गुणाकार मी केला नाही, झोप उडाली असती.

हा लेख त्या पिशवीविरुद्ध कमी आणि डब्याच्या बाजूने जास्त आहे. डबा आणि स्टीलचं ताट या दोन वस्तू ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या खाद्यगृहांतून आपल्या डोळ्यांदेखत जात आहेत. त्या वाचवायच्या असतील तर हीच वेळ आहे. अजून आठवण शाबूत आहे, हात सवयीचे आहेत आणि घरोघरी फडताळात डबे पडून आहेत.

‘पर्यावरणपूरक हॉटेल’ म्हटलं की आपल्यापुढे डोंगरातलं एखादं महागडं रिसॉर्ट उभं राहतं. बांबूचे टूथब्रश, आणि ‘टॉवेल रोज धुवायला टाकू नका’ अशी गोड विनंती. मराठीत मात्र हॉटेल म्हणजे आधी खायची जागा. ‘हॉटेलात जाऊ’ म्हटल्यावर आपण बॅग भरत नाही. आणि या आपल्या हॉटेलाला पर्यावरण कुणी शिकवावं लागलं नव्हतं. ताट स्टीलचं, पाणी पेल्यात, चहा काचेच्या ग्लासात, उडुप्याकडे कॉफी वाटीपेल्यात. टाकून द्यायची वस्तू जवळजवळ नव्हतीच. घरी न्यायचं असेल तर पोरगा डबा घेऊन धावायचा, ‘काकांनी रस्सा जास्त घालायला सांगितलाय’ असं ओरडत. मालकाला हिरवं प्रमाणपत्र वगैरे कुणी दिलं नाही, कारण त्याला तेवढाच खर्च परवडत होता.

प्रमाणपत्राचा विषय निघालाच आहे तर विठ्ठल कामतांचं नाव घ्यायला हवं. मुंबईच्या विमानतळाजवळचं त्यांचं ऑर्किड १९९७ मध्ये सुरू झालं आणि ‘इकोटेल’ हे प्रमाणपत्र मिळवणारं आशियातलं पहिलं पंचतारांकित हॉटेल ठरलं. वीज, पाणी, कचरा सगळ्याचा हिशेब मांडून बांधलेलं. हे धाडस करणारा माणूस उपाहारगृहाच्या धंद्यातून वर आला होता. आत्मचरित्राच्या ‘इडली, ऑर्किड आणि मी’ या नावातच तो प्रवास आहे. मला या नावातला क्रम फार आवडतो. इडली आधी. बचतीची जी शिस्त पंचतारांकित हॉटेलात कौतुकाची ठरते, ती इडलीच्या हॉटेलात पोटासाठी पाळली जात होती. आज ऑर्किडचं कौतुक होतं आणि इडली चांदीच्या मुलाम्याच्या पिशवीत बसून दुचाकीवरून फिरते.

ही पिशवी जाते कुठे, हे कल्याणकरांना सांगायची गरज नाही. त्यांनी आधारवाडी पाहिली आहे, खरं तर हुंगली आहे. खाडीच्या काठावरचा तो कचऱ्याचा डोंगर दशकानुदशकं वाढत गेला. उन्हाळ्यात त्याला आगी लागायच्या. मार्च २०१८ ची आग तर दिवसच्या दिवस धुमसत होती आणि आसपासच्या वस्त्यांत खिडक्या लावूनही धूर येत होता. त्याआधी, एप्रिल २०१५ मध्ये, कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट लावली जात नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांच्या परवानग्याच थांबवल्या होत्या. जवळपास वर्षभर. कचऱ्यामुळे घरं बांधायची थांबलेलं शहर म्हणून आपलं नाव झालं. अखेर मे २०२१ मध्ये आधारवाडीवर कचरा टाकणं बंद झालं. ठाण्याचा कचरा दिव्याच्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसला. तिथलं डम्पिंग २०२३ च्या सुरुवातीला थांबलं. आता तो आणखी कुणाच्या तरी गावाच्या वेशीवर जातो. डम्पिंग बंद झालं म्हणजे कचरा बंद झाला, असा समज करून घेण्यात आपण तरबेज आहोत.

आधारवाडी बंद होण्याआधी वर्षभर महापालिकेने शून्य कचरा मोहीम चालवली. ओला-सुका वेगळा नसेल तर गाडी कचरा उचलणार नाही, असा बाणा होता. त्या मोहिमेमागचे अधिकारी रामदास कोकरे यांनी आधी वेंगुर्ल्यात हेच करून दाखवलं होतं. तिथला कचरा डेपो लोक सहलीला जावेत इतका स्वच्छ केला. मोहिमेच्या काळात आमच्या सोसायटीत रोज भांडणं व्हायची, पण दोन बादल्यांची सवय लागली ती लागलीच. नियम कडक असला आणि रोज पाळला गेला तर डोंबिवलीकर कुरकुरत का होईना पाळतो, हा माझा अनुभव आहे.

डब्याच्या बाबतीतही हे आपण एकदा केलंय. २३ मार्च २०१८ रोजी राज्य सरकारने प्लॅस्टिक आणि थर्माकोलबंदीची अधिसूचना काढली आणि तीन महिन्यांची मुदत संपल्यावर, जूनअखेरीस, दंड सुरू झाला. पहिल्या खेपेला पाच हजार, दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तुरुंग. आठवतोय तो पावसाळा? मासळीवाल्या मावशींपुढे स्टीलचे डबे उघडे पडलेले असायचे. फरसाणाच्या दुकानात कापडी पिशव्या. केंद्रांच्या काउंटरवर हाताने लिहिलेली पाटी, ‘पातळ पदार्थांसाठी डबा आणावा’. लोकलमध्ये बायका एकमेकींना कुठला डबा गळत नाही ते सांगत होत्या. कुणी उपाशी राहिलं नाही, एकही केंद्र बंद पडलं नाही. मग सवलती आल्या, तपासण्या विरळ झाल्या, पाटीवर तेलाचे डाग पडले आणि एक दिवस ती पाटीच नाहीशी झाली. १ जुलै २०२२ पासून देशभर एकल वापराच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली, पण तोवर आमटी पुन्हा पिशवीत जाऊन बसली होती. कायदा मेला नाही, झोपलाय. त्याला उठवायला मंत्रालयात जावं लागत नाही, काउंटरवर डबा ठेवला तरी पुरतो.

हे मी करून पाहिलं. गेल्या वर्षी एका संध्याकाळी मी नेहमीच्या केंद्रावर डबा पुढे केला. काउंटरवरच्या काकूंनी त्याकडे असं पाहिलं, जणू मी उधारी मागितली.

“अहो ताई, मागे रांग बघा. पिशव्या पाच वाजताच बांधून ठेवलेल्या असतात. गाडी आली की पाच मिनिटांत चाळीस गिऱ्हाईकं. आता मी पिशवी फोडून डब्यात ओतू होय?”

“मग मला पातेल्यातून द्या ना.”

“देईन. पण मापाचं काय? तुमचा डबा हा एवढा मोठा. भरला तर मला परवडत नाही, नाही भरला तर उद्या तुम्हीच म्हणणार, काकू कमी देतात.”

रागावण्यासारखं यात काहीच नव्हतं. घरी येईपर्यंत मला कळलं की पिशवी ही त्यांची आळशीपणाची सोय नाही. ती त्यांचं माप आहे, आणि त्यांचा वेळही. लोकलच्या वेळापत्रकाला बांधलेला धंदा आहे तो. ज्यांना हे दिसत नाही, असे पर्यावरणप्रेमी केंद्रवाल्यांना व्याख्यानं देतात आणि काकू त्यांना मान डोलावून पिशवीतच भाजी देतात.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, एका माणसाची आमटी म्हणजे किती डाव? दोन. मग मला दोन डाव मोजून द्या, डबा रिकामा दिसला तरी मी बोलणार नाही. आठ दिवसांत जमलं. आता त्या माझा डबा बघितला की बोलत नाहीत, फक्त डाव दोनदा बुडवतात. कधी तिसरा अर्धा. पिशवीत हा अर्धा डाव कधीच मिळाला नव्हता.

तेव्हा केंद्रचालकांना माझी पहिली विनंती मापाची आहे. पाटीवर दर लिहिता तसं माप लिहा: ‘आमटी दोन डाव, भाजी दीड डाव’. गिऱ्हाईकाच्या डब्याच्या आकाराचा प्रश्नच संपतो. दुसरी विनंती रांगेची: डबेवाल्यांना वेगळी बाजू द्या, पातेलं तिकडे ठेवा. पिशवी वाचली की पिशवीचे पैसे वाचतात, त्यातला रुपया-दोन रुपये गिऱ्हाईकाला सोडा. आपण डोंबिवलीकर दोन रुपयांसाठी काय काय करतो, हे वेगळं सांगायला नको.

आणि जो सकाळी डबा विसरला, त्याच्यासाठी केंद्राचेच डबे ठेवा. अनामत घ्या आणि दुसऱ्या दिवशी रिकामा डबा आला की भरलेला द्या. तुमचं गिऱ्हाईक रोजचं आहे, त्याच पुलावरून त्याच वेळेला उतरणारं. डबा घेऊन ते पळून कुठे जाणार? परतीच्या डब्याचं शास्त्र आपल्याला परदेशातून आणायला नको. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत सुरू केलेली डबेवाल्यांची व्यवस्था याच तत्त्वावर उभी आहे: डबा जातो आणि संध्याकाळच्या आत आपल्या घरी परततो. जर्मनीने १ जानेवारी २०२३ पासून पार्सल देणाऱ्या खाद्यगृहांना परतीच्या भांड्याचा पर्याय ठेवणं कायद्याने बंधनकारक केलं, लहान दुकानं वगळून. तिकडचे लोक जे आता कायद्याने शिकतायत, ते आपले टोपीवाले सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोकलच्या मालडब्यातून करतायत.

“प्लॅस्टिक नको तर कागदी वाटी घ्या” हे उत्तर मला पटत नाही. कागदी कपाच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकचाच पातळ थर असतो, नाहीतर चहा गळून हातावर आला असता. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की अशा कपात १०० मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटं ठेवलं तर प्लॅस्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण त्यात उतरतात. आणि जुनं ते सगळं सोनं, असंही मी म्हणत नाही. भजी वर्तमानपत्रात बांधून देणं ही आपली लाडकी परंपरा, पण शाई तेलात उतरते म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ती बंद करायला सांगितलंय आणि ते बरोबरच आहे. कल्याणचा खिडकी वडा वर्तमानपत्राशिवायही तितकाच चांगला लागतो. टाकाऊच हवं असेल तर पळसाचं पान आहे. शहापूर-मुरबाडकडच्या आदिवासी बायका पानांचे भारे घेऊन पहाटेच्या लोकलने कल्याणला उतरतात. फुलवाले गजरे त्याच पानात बांधून देतात. वडेवाल्यांनी त्या बायकांकडे रोजची मागणी नोंदवली तर पत्रावळ आणि द्रोण लग्नापुरते उरणार नाहीत.

बसून खाणाऱ्यांचा मुद्दा थोडा वेगळा आहे. ठाण्यात गोखले रोडला, नौपाड्यात, कल्याणला टिळक चौकात, कुठेही जा. जिथे पूर्वी ताटली यायची तिथे आता बसून खाणाऱ्यालाही वापरून फेकायची ताटली मिळते. विचारलं तर मालक सांगतात, भांडी घासायला माणूस मिळत नाही आणि पाणी कुठंय? दोन्ही अडचणी खऱ्या आहेत. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या हॉटेलवाल्याला मी पाण्यावरून बोल लावणार नाही. पण नळ धो-धो सोडून ताटं विसळण्यापेक्षा तीन टबांची जुनी पद्धत, म्हणजे खरकटं झाडून पहिल्यात साबण, दुसऱ्यात विसळण, तिसऱ्यात गरम पाणी, बरंच पाणी वाचवते. मोरीच्या तोंडाशी तेल अडवणारी पेटी बसवली तर तेलाचा तवंग नाल्यात जात नाही. हा तवंग पुढे जातो कुठे तर खाडीत. आपण ज्या उल्हास नदीचं पाणी मोहिलीला उचलून पितो, तिच्यावर उन्हाळ्यात जलपर्णीची हिरवी गादी पसरते ती सांडपाण्यावर पोसलेली असते. ठाणेकर तलावांचं शहर म्हणून मिरवतात, त्यांनीही आपल्या तलावाकाठच्या गाड्यांचं खरकटं पाणी कुठे ओतलं जातं ते एकदा रात्री अकरा वाजता जाऊन पाहावं.

ओल्या कचऱ्याचं कोडं तर कधीच सुटलेलं आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ पद्धतीत खरकट्यापासून गॅस आणि खत दोन्ही मिळतं. माथेरानला असा प्रकल्प उभा राहिला. मोटारी नसलेल्या त्या डोंगरावर हॉटेलांचं उष्टं खाली वाहून आणण्यापेक्षा तिथेच जिरवणं शहाणपणाचं होतं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला शंभर किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांवर तो जागच्या जागी जिरवायची जबाबदारी टाकलीच आहे. आपली केंद्रं त्या मापात बसत नाहीत, पण एका गल्लीतली पाच केंद्रं मिळून सहज बसतील. भाज्यांची देठं, सालं, वाटाण्याच्या शेंगा हा सोन्यासारखा माल आहे, त्यात प्लॅस्टिकची पिशवी मिसळली नाही तरच.

तळणीच्या तेलाबद्दल थोडक्यात. वारंवार तापवलेल्या तेलातलं ध्रुवीय संयुगांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते वापरायचं नाही, असा नियम जुलै २०१८ पासून आहे, आणि असं तेल गोळा करून बायोडिझेल करणाऱ्यांची साखळीही आहे. हॉटेलचं काळं तेल रात्री स्वस्तात रस्त्यावरच्या गाडीला विकलं जातं हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या वडापाववाल्याला तेल शेवटी कुठे जातं ते विचारा. विचारणारं गिऱ्हाईक दिसलं की कढई आपोआप लवकर बदलते.

घरपोच जेवण मागवणाऱ्या तरुणांशी मी भांडणार नाही, माझ्याच घरात ते आहेत. ऑगस्ट २०२१ पासून झोमॅटोने चमचे-काटे मागितले तरच पाठवायचे असं ठरवलं. म्हणजे ॲपमधली एक खूण उलटी केली की कचरा कमी होतो. डब्यासाठी तशी खूण का नसावी? आणि केंद्र जर चालत पाच मिनिटांवर असेल, तर चप्पल घालून डबा घेऊन जायला हरकत नसावी.

आता हे करणार कोण? डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने १९९९ मध्ये गुढीपाडव्याची शोभायात्रा काढली तेव्हा ती एका गावची गोष्ट होती. आज ती महाराष्ट्रभर निघते. ठाण्याने गणेश विसर्जनासाठी कृत्रिम तलाव केले तेव्हा नाकं मुरडणारे पुष्कळ होते. आता ते राज्यभर होतात. रोज पहाटेच्या लोकलला लटकणाऱ्या माणसांच्या या शहरांतून नवी रीत निघते आणि पसरते, हे दोनदा तरी सिद्ध झालंय. येत्या शोभायात्रेत एक चित्ररथ डब्याचा असू दे. सोसायट्यांनी गणपतीच्या महाप्रसादाला स्टीलची ताटं भाड्याने आणावीत, ती धुण्याची पाळी तरुणांनी लावून घ्यावी. महिला मंडळांनी आपल्या भागातल्या केंद्रांची यादी करावी आणि जे डबा स्वीकारतात त्यांच्या दारावर ‘इथे डबा चालतो’ अशी पाटी मंडळाच्या खर्चाने लावून द्यावी. मग बाकीचे गिऱ्हाईक तुटेल या धास्तीने आपोआप येतील. नगरसेवकांकडे मागायचंच असेल तर दंड मागू नका; स्टेशनबाहेर डबे धुवायला एक नळ आणि जुनी पाटी पुन्हा लावायची सक्ती, एवढं मागा.

आणि बायकांनो, यात पुन्हा आपल्यावरच काम पडतंय अशी तुमची तक्रार असेल तर ती शंभर टक्के रास्त आहे. डबा धुणं, पुसणं, सकाळी आठवणीने बॅगेत टाकणं हे घरातल्या कुणाचंही काम असू शकतं. आमच्याकडे ते नवऱ्याचं आहे. पहिल्या महिन्यात तो तीनदा झाकण विसरला. एकदा कारल्याची भाजी बॅगेत सांडली आणि ऑफिसची फाइल आजही किंचित कडू वास मारते. तरी डबा गेला नाही.

गळका डबा घेऊ नका. रबर घट्ट बसणारं झाकण पाहा, त्यात पाणी भरून उलटा धरून बघा आणि रात्रीच बॅगेत टाका. उद्या पुलावरून खाली उतरल्यावर काकूंना सांगा: दोन डाव आमटी, पातेल्यातून, आणि गाठ नको.